पूजेला बसवलेली बया

गेल्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुलुंडमधल्या एका औषध कारखान्यात पाच लिटरचा एक पांढरा कॅन बॉयलरच्या पायाशी सापडला. कॅनच्या गळ्यात झेंडूचा हार होता, बुचावर हळदकुंकू होते आणि आतले एन्झाइम अर्ध्याहून अधिक मेलेले होते. फ्रीजमध्ये चार अंशांवर असायला हवा तो कॅन खंडेनवमीच्या दुपारपासून तिथेच होता. एन्झाइम माझ्या मावशीचे होते.

डाव्या-उजव्याचा विचार माझ्या मावशीइतका मुंबईच्या उपनगरांत दुसऱ्या कोणीही केलेला नाही. हे विधान मी जबाबदारीने करतो. वर्तमानपत्राच्या डेस्कवर बसून मी रोज इतरांच्या बातम्यांतली 'सर्वांत मोठा', 'एकमेव', 'पहिलाच' ही विशेषणे खोडतो, त्यामुळे अशा वाक्यांची मला सवय नाही. मावशीच्या बाबतीत मात्र खोडायला काही सापडत नाही. माझ्या आईची ही धाकटी बहीण जोगेश्वरीत वाढली, रसायनशास्त्र शिकली आणि मुलुंडच्या त्या कारखान्यात लागली ती निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिली. आजोबा गिरणीत होते. घरात मालवणी बोलली जायची आणि मावशी अजूनही मला 'झिला' म्हणते, म्हणजे बाळा. माझ्या केसांत पांढरे दिसू लागले आहे, याची तिने दखल घेतलेली नाही.

तिच्या पर्समध्ये कायम दोन बारीक कुप्या असतात. भेटणाऱ्या प्रत्येकाला ती त्या हुंगायला लावते. एका कुपीला पुदिन्याचा वास येतो, दुसरीला बाळंतशेपेचा. समोरच्याने हे बरोबर ओळखले की ती टाळी वाजवते आणि म्हणते, "दोन्हींत पदार्थ एकच आहे! तेच अणू, तितकेच, त्याच क्रमाने जोडलेले. फक्त एक दुसऱ्याची आरशातली प्रतिमा आहे. डावा हात आणि उजवा हात. नाकाला फरक कळला की नाही? मग पोटात गेलेल्या औषधाचा शरीराला कळणार नाही होय?" बोरिवलीच्या हॉलमध्ये माझे लग्न लागत असताना वधूपक्षाच्या पहिल्या रांगेतून या कुप्या फिरल्या. माझ्या सासऱ्यांनी दोन्ही वास ओळखले. मावशीने या लग्नाला मनापासून संमती दिली ती त्या क्षणी, असे आई सांगते. आईच्या सांगण्याला तिथे हजर असलेल्या इतर दोघांनी दुजोरा दिला आहे. माझ्या चुलत्यांना मात्र दोन्ही कुप्यांना खोकल्याच्या औषधाचा वास आला. त्यांच्याशी मावशी आजही जरा तुटकच बोलते.

कारखान्यात ती जे बनवायची, तो हृदयविकाराच्या एका गोळीतल्या औषधी रेणूचा छोटा तुकडा होता. या तुकड्याचेही दोन हात. उजवा कामाचा, डावा बिनकामाचा, आणि नियमाप्रमाणे गोळीत डावा जवळजवळ असताच कामा नये. जुन्या पद्धतीत दोन्ही हात सारखेच तयार होत. मग पिंपेच्या पिंपे सॉल्व्हंट, म्हणजे विद्रावक, ओतून त्यांना वेगळे करायचे, उजवे ठेवायचे आणि डावे जाळायला पाठवायचे. सॉल्व्हंटचा वास मावशीला शंभर पावलांवरून यायचा. त्या वासाने कामगारांचे डोळे चुरचुरत, शेजारी नव्याने उभ्या राहिलेल्या टॉवरमधले लोक खिडक्या लावून घेत, आणि मावशीला तर घरी अंघोळ झाल्यावरही तो वास आपल्या केसांतून येतो असे वाटे. "उजव्या हाताचे मोजे हवेत," ती म्हणायची, "म्हणून दोन्ही हातांचे शिवायचे, आणि अर्धे चुलीत घालायचे! हे काय शास्त्र झालं? हा तर माज झाला."

तिला हवे होते ते एन्झाइम. सजीवांच्या पेशींत रसायने घडवणारे प्रथिन. ते पाण्यात काम करते, अंगाला सोसेल इतक्याच उबेत काम करते, आणि त्याच्या कुशीत कच्चा माल एकाच बाजूने बसतो, म्हणून त्यातून एकच हात तयार होतो. हे मला समजावून सांगायला तिने कितीतरी रविवार खर्च केले. मटणाला कच्ची पपई लावताना समजावले, दुधाला विरजण लावताना समजावले, कपड्यांवरचा डाग धुण्याच्या पावडरीने निघताना पाहूनही समजावले. एकदा घाटकोपरच्या बाजारात चप्पलवाल्याने घाईत तिच्या पिशवीत दोन डाव्या चपला भरल्या. घरी आल्यावर हे लक्षात आले तेव्हा दुसऱ्या कोणी तणतणत परत गेले असते. मावशी आनंदाने फोनवर ओरडली, "झिला, दोन डाव्या! अगदी एकसारख्या! आता यातली एक उजव्या पायात घालून दाखव मला!" मी बोरिवलीत होतो. तिने त्या चपला बदलून आणल्या नाहीत. प्रयोगशाळेच्या दाराला खिळा ठोकून टांगल्या, आणि कारखान्यात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो अभियंता असो की सफाई कामगार, आधी एक डावी चप्पल उजव्या पायात घालून दहा पावले चालावे लागे. चालता येत नाही हे त्याने कबूल केले, की त्याचे प्रशिक्षण सुरू.

एन्झाइमशी ती माणसासारखे बोलते, असा कारखान्यात समज होता. तिला विचारले तर ती साफ नाकारायची. ती म्हणायची, मी फक्त तापमान बघते. प्रत्यक्षात रोज सकाळी ती फ्रीजचे दार उघडायची, आत वाकून "काय गो बया, झोप झाली?" असे विचारायची आणि मग थर्मामीटर बघायची. त्यावरून त्या एन्झाइमचे नाव बया पडले. बयेला उन्हाळा सोसत नाही. बयेला आंबट सोसत नाही. बयेला जोरात ढवळलेले चालत नाही, फेस आला की ती रुसते. यातल्या प्रत्येक विधानाला शास्त्रीय आधार आहे, हे मी पडताळून पाहिले आहे. फ्रीजजवळ कोणी शिवी देऊ नये, या नियमाला मात्र आधार सापडला नाही. "ती कामावरची बाई आहे," मावशी सर्वांना बजावायची. "तुमच्यातलीच एक. तुमच्याआधी कामाला लागते, तुमच्यानंतर थांबते. तिला मान द्यायचा." नव्या माणसाची ओळख करून देताना ती फ्रीजचीही ओळख करून द्यायची. संकोचाने का होईना, लोक फ्रीजला नमस्कार करत.

हे सगळे परबांनी मनावर घेतले. परब हे प्लँटमधले जुने कामगार, देवगडकडचे, मावशीहून दोन-तीन वर्षांनी लहान. रिअ‍ॅक्टर, म्हणजे रसायने शिजवायची बंद टाकी, भरणे, धुणे, तापवणे, निववणे हे त्यांचे काम. कारखान्यातली खंडेनवमीची पूजाही त्यांच्याकडेच. त्या दिवशी दुपारी सगळी यंत्रे बंद होतात, बॉयलर धुवून पुसून सजतो, त्याच्यासमोर नट पिळायचे पाने, पकडी, वजनकाटे मांडतात, फोर्कलिफ्टला हार चढतो, नारळ फुटतो, आणि लोक दसऱ्याच्या सुट्टीला घरी जातात. त्या वर्षी परबांना मांडणीत काहीतरी उणे वाटले. बराच वेळ ते समोर उभे राहून बघत होते. मग ते वर प्रयोगशाळेत गेले आणि फ्रीजमधून कॅन घेऊन आले. त्याला हार घातला, बुचाला हळदकुंकू लावले, समोर समई ठेवली. आरती झाली. प्रसाद वाटला गेला. मावशी त्या दुपारी साहेबांबरोबर मीटिंगमध्ये होती. सगळे घरी गेले. बया बॉयलरपाशी राहिली. बॉयलर बंद असला तरी एका दिवसात निवत नाही, आणि ऑक्टोबरमध्ये त्या खोलीत माणूसही फार वेळ उभा राहत नाही.

इथे साहेब कोण ते सांगायला हवे. उत्पादनाचा कारभार पाहणारे ते गृहस्थ वाईट नव्हते. त्यांना फक्त नव्या गोष्टीची धास्ती होती. जुन्या पद्धतीने माल वेळेवर जात होता, गिऱ्हाईक ओरडत नव्हते, आणि फ्रीजमधले कॅनभर पाणी हा सगळा पसारा मोडीत काढेल, यावर त्यांचा विश्वास नव्हता. मावशी वर्षानुवर्षे त्यांच्या मागे लागली होती. शेवटी डिसेंबरअखेर ती निवृत्त होणार म्हटल्यावर त्यांनी एक सवलत दिली. मोठा रिअ‍ॅक्टर दसऱ्यानंतर दोन दिवस तिला मिळेल. दोन दिवसांत जमले तर पुढे बोलू. नाही जमले तर हा विषय तिच्याबरोबरच निवृत्त होईल. तिच्या मागे तो चालवायला दुसरे कोणी नव्हते. एन्झाइमचा नवा कॅन दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेतून यायला दीड महिना लागायचा आणि तोपर्यंत मोठा रिअ‍ॅक्टर दुसऱ्या मालाला दिला जाणार होता. म्हणजे तिच्याकडे एक कॅन होता, दोन दिवस होते, आणि दुसरे काहीही नव्हते.

सकाळी मला फोन आला. "झिला, ये. आत्ता ये. बयेला पूजेला बसवली होती रे मेल्यांनी!" तिच्या आवाजात रडू होते की हसू, हे मला ठरवता आले नाही. "छापायला नको. बघायला ये. नंतर हे लोक म्हणतील म्हातारीला वेड लागलं होतं. कोणीतरी डोळ्यांनी बघितलेलं असावं." मी रजा टाकली. गेटवर पाहुण्याचा पास, हेल्मेट आणि चष्मा मिळाला. वर गेलो तेव्हा प्रयोगशाळेच्या दारात दोन डाव्या चपलांखाली परब उभे होते आणि त्यांच्या हातात अजून झेंडूचा हार होता.

"मॅडम, मी राजीनामा देतो," ते म्हणाले.

"आधी मला सांग, तू तिला खाली नेलीस कशाला?" मावशी म्हणाली. ती चिडलेली होती यात शंका नव्हती. चिडली की ती मालवणीतून प्रमाण मराठीत येते.

"तुम्हीच म्हणता ना, ती आमच्यातलीच एक." परब म्हणाले. "फोर्कलिफ्टपण पूजेला. पकडीपण पूजेला. तो वजनकाटा सालभर खोटं बोलतो, तोपण पूजेला. आणि ती एकटी वर फ्रीजमध्ये? सणाच्या दिवशी? बरं दिसतं का ते, मॅडम?"

मावशीने तोंडावर पदर धरला. मग तिचे खांदे हलू लागले. मला वाटले ती रडते आहे. ती हसत होती. "नाही दिसत, परब," ती म्हणाली. "नाही बरं दिसत. पण परत वर न्यायला विसरलास ना मेल्या!"

"सुट्टी होती ना, मॅडम. उत्तरपूजा आज करायची होती. उत्तरपूजेच्या आधी कशी हलवणार?"

 मावशी आत गेली, कॅनमधून थेंबभर द्रव घेतला, तपासणीच्या नळीत टाकला आणि यंत्रापुढे वाकून बसली. एन्झाइम किती वेगाने काम करते, हे त्या यंत्रावर दिसते. ताजे असताना रेघ कड्यासारखी चढायची. आता ती चढत होती, पण म्हातारी बाई जिना चढते तशी. तिने दुसऱ्यांदा मोजले. तिसऱ्यांदा मोजले. तेवढ्यात साहेब आले.

"कळलं मला," ते म्हणाले. "वाईट झालं. मी समजू शकतो. जुन्या पद्धतीची बॅच घेऊ का चढवायला?"

"अर्ध्याहून जास्त मेलीय," मावशी म्हणाली.

"तेच म्हणतोय."

"म्हणजे बाकीची जिवंत आहे, साहेब!"

साहेबांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि पुसला. मग त्यांनी विचारलेला प्रश्न मला अगदी रास्त वाटला, माझ्याही मनात तोच होता. अर्धमेले एन्झाइम अर्धवट काम करेल, हे कळते. पण ते चुकीचे काम करणार नाही कशावरून? उन्हाने डोके फिरलेल्या माणसासारखे ते डावे-उजवे विसरले तर? मग रिअ‍ॅक्टरभर डाव्या-उजव्याची खिचडी होईल, आणि ती वेगळी करायला पुन्हा तेच सॉल्व्हंट.

मावशी खुर्चीवरून उठली. तिचे डोळे चमकायला लागले होते, आणि हे चमकणे मी लहानपणापासून ओळखतो. त्यानंतर ती काहीतरी पटवून देते किंवा काहीतरी फोडते. "साहेब, उजव्या हाताचे मोजे शिवणाऱ्या दहा बायका आहेत," ती म्हणाली. "सहा गावाला गेल्या. उरल्या चार. त्या चार बायका दिवसाला मोजे कमी शिवतील. कमी! पण म्हणून त्या डाव्या हाताचे शिवत बसतील का? शिवूच शकत नाहीत! त्यांचा साचाच उजवा आहे. साचा मोडला तर ती बाई मेली, काम बंद. साचा आहे तोवर उजवाच. बया मरेल, साहेब. बया थकेल. पण बया चुकणार नाही!"

"आणि चुकली तर?"

"तर मी डिसेंबरऐवजी आजच घरी जाते. परब, तूपण चल माझ्याबरोबर, नाहीतरी राजीनामा देतोयस."

साहेबांनी घड्याळ बघितले. "दोन दिवस," ते म्हणाले. "ठरलेत तेवढेच."

रिअ‍ॅक्टरमध्ये पाणी आणि कच्चा माल आधीच भरलेला होता. परबांनी तापमान अंगाच्या उबेहून जरा खाली आणले आणि ढवळणीचा वेग इतका कमी केला की फेस येईना. मावशीने स्वतः कॅन उचलून ओतला. ओतताना ती काहीतरी पुटपुटली. मी जवळ उभा होतो. ते शब्द होते, "चल गो बया, जमेल तेवढं कर." यानंतर करण्यासारखे काही नव्हते, आणि काहीही न करणे माझ्या मावशीला येत नाही. तिने मला सगळा प्लँट दाखवला. सॉल्व्हंटच्या टाक्या दाखवल्या, जवळ गेल्यावर माझेही डोळे चुरचुरले. जळायला जाणाऱ्या डाव्या हाताची पिंपे दाखवली. भिंतीपलीकडच्या टॉवरमधली एक बाई बाल्कनीत कपडे वाळत घालत होती, तिच्याकडे बोट दाखवून म्हणाली, "ही मला ओळखत नाही. पण मी हिला रोज बघते. वास सुटला की ही कपडे परत आत घेते."

पहिला नमुना काढला तेव्हा प्रयोगशाळेत आठ-दहा माणसे जमली होती. त्यांतल्या कोणालाही बोलावलेले नव्हते. हात ओळखण्याचे यंत्र मोठे हुशार आहे. त्यातून उजवे आणि डावे वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात, आणि पडद्यावर प्रत्येकाचा एक डोंगर उठतो. आधी डावा येतो, मग उजवा. जुन्या पद्धतीत नेहमी दोन जुळे डोंगर उठत. नमुना आत गेला. पडद्यावर एक रेघ सरकू लागली, सपाट, सरळ. "आता डाव्याची वेळ," मावशी म्हणाली आणि तिने माझे मनगट धरले. रेघ सरकत होती.  डाव्याची वेळ आली. रेघ सपाट. डाव्याची वेळ सरत आली. रेघ सपाट. तिची नखे माझ्या मनगटात रुतली होती आणि मी ते सांगितले नाही. डाव्याची वेळ संपली. आणि मग, किंचित पुढे, रेघ थरथरली, वर उचलली गेली, आणि एक छोटासा, बुटका, अगदी एकटा डोंगर पडद्यावर उभा राहिला.

"उजवी!" मावशी ओरडली. "अरे उजवीच! बघ! बघ झिला, डाव्या जागी काही आहे का? आहे का काही? कोरी! पाटी कोरी!" तिने साहेबांचा हात धरून हलवला, परबांना पाठीत धपका घातला आणि फ्रीजजवळ शिवी न देण्याचा नियम स्वतःच मोडला. परब मटकन स्टुलावर बसले. डोंगर छोटा होता, काम कासवाच्या गतीने चालले होते, पण झाले तेवढे सगळे एकाच हाताचे होते. साहेब पडद्याजवळ गेले आणि डाव्या डोंगराच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पुन्हा एकदा करा." पुन्हा केले. पाटी पुन्हा कोरी निघाली. ते गेले नाहीत. खुर्ची ओढून बसले.

त्या रात्री मी घरी होतो, त्यामुळे रात्रीच्या घटनांना माझ्याकडे स्वतंत्र दुजोरा नाही. मावशी घरी गेली नाही, एवढे तिच्या शेजारणीने सांगितले. दुसऱ्या दिवशी दुपारी मी परत पोचलो तेव्हा डोंगर पडद्याच्या अर्ध्यावर चढला होता. संध्याकाळी मुदत संपत होती आणि अजून बराच कच्चा माल शिल्लक होता. मावशी त्याच साडीत होती. ती आता ओरडत नव्हती. नुसती पडद्याकडे बघत होती, आणि मधूनमधून "चल गो" म्हणत होती. घड्याळात मुदत संपली. परब दारात येऊन उभे राहिले. जुन्या मालाची पिंपे खाली रांगेत लागली होती. सगळ्यांनी साहेबांकडे बघितले.

साहेबांनी पुन्हा एकदा पडद्यावरचा डोंगर पाहिला. "परब," ते शेवटी म्हणाले, "जुनी बॅच उद्या चढवा." मग जरा थांबून म्हणाले, "नाहीतर परवा. घाई नाही. तिला सोसत नाही ना घाई?"

मावशीने तेव्हा डोळे पुसले. हे मी पाहिले आहे. विचारले असता तिने धूळ गेली असे सांगितले.

बॅच तिसऱ्या दिवशी पूर्ण झाली. तपासणीत डावा हात सापडला नाही. दीड महिन्याने नवा कॅन आला, तो पूजेला न बसता थेट कामाला लागला, आणि त्याने तेच काम एका पाळीत केले. डिसेंबरअखेर मावशी निवृत्त झाली. निरोप समारंभात साहेबांनी भाषण केले, त्यात त्यांनी 'ती' हा शब्द वापरला, आणि ते मावशीबद्दल बोलताहेत की एन्झाइमबद्दल, याचा श्रोत्यांना शेवटपर्यंत अंदाज आला नाही. परबांचा राजीनामा कोणी मागितला नाही. त्यांनीही दिला नाही. सॉल्व्हंटच्या दोन टाक्या रिकाम्या करून विकल्या. त्या जागी आता सायकली उभ्या असतात. कामाच्या लेखी सूचनांमध्ये 'एन्झाइम कोणत्याही कारणासाठी पूजेस नेऊ नये' असे एक वाक्य वाढले आहे. ते साहेबांनी स्वतः लिहिले.

मावशी आता घरी असते. तिच्या घरच्या फ्रीजमध्ये विरजण, लिंबे आणि मासे असतात. रोज सकाळी ती दार उघडते, आत वाकते आणि थोडा वेळ तशीच उभी राहते. आत थर्मामीटर ठेवलेला मी पाहिला आहे. कुप्या अजून पर्समध्ये आहेत. मुलुंडच्या भाजीबाजारातल्या बहुतेकांच्या त्या हुंगून झाल्या आहेत, आता ती नव्या माणसांच्या शोधात भांडुपपर्यंत जाते. कारखान्यात जायला तिला आता पाहुण्याचा पास लागतो, म्हणून ती जात नव्हती. "गेटवर नाव लिहून, कोणाला भेटायचंय ते सांगायचं," ती मला म्हणाली. "काय सांगू? फ्रीजला?"

यंदाच्या खंडेनवमीला परब तिला न्यायला घरी आले. मीही बरोबर गेलो. बॉयलर सजलेला होता. पकडी, वजनकाटा, फोर्कलिफ्ट आपापल्या जागी होती. मधोमध, समईजवळ, पाच लिटरचा पांढरा कॅन होता. गळ्यात हार, बुचावर हळदकुंकू. मावशी दारातच थांबली. परबांनी पुढे होऊन कॅन एका बोटाने उचलून दाखवला. रिकामा होता. गेल्या वर्षीचाच तो, धुवून, पुसून ठेवलेला. मावशीने कॅनवर फूल वाहिले. आरती झाली, नारळ फुटला. प्रसाद घेताना तिने परबांना हळूच विचारले.

"भरलेली कुठंय?"

"वर. फ्रीजमध्ये."

"तापमान?"

परब वर जाऊन बघून आले.

"चार, मॅडम."